सांधेदुखीची गोळी, लघवीची गोळी आणि मूत्रपिंडाचे पाणी



आपल्या या पत्रिकेत आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, तोडणी-वाहतूक आणि ऊसबिले यांविषयी लिहितो. या अंकात जरा वेगळा विषय घेतला आहे. उसाला पाणी किती द्यावे, खताचा हप्ता कधी टाकावा याचा आपण बारकाईने हिशेब ठेवतो; पण स्वतःच्या शरीराला कोणती गोळी कशाबरोबर चालते, याचा हिशेब मात्र फारसे कोणी ठेवत नाही. गुडघा दुखला की गोळी, कंबर धरली की सुई, आणि शिवाय रक्तदाबाची रोजची गोळी चालूच. प्रत्येक गोळी आपापल्या जागी चांगली असेलही, पण दोन-तीन एकत्र आल्या म्हणजे त्यांचा भार कुठे पडतो? तो पडतो मूत्रपिंडावर, म्हणजे आपल्या बोलीत किडनीवर. आणि किडनी बैलासारखी मुकी असते. ती दुखून सांगत नाही.

म्हणून हा विषय नीट समजावून घेऊ.

मूत्रपिंडाचे काम काय?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, फासळ्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढ्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. वजन पाहिले तर दोन्ही मिळून पाव किलोच्या आसपास. पण हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १ लिटर रक्त, एकट्या या दोन अवयवांना जाते. शरीराने त्यांना एवढा मोठा वाटा उगीच दिलेला नाही.

एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात, आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात. घाण, जास्तीचे क्षार व दीड-दोन लिटर पाणी तेवढे लघवीवाटे बाहेर जाते. गाळण्याचे हे काम चालायचे तर एकच अट आहे. गाळणीत रक्ताचा पुरेसा दाब असला पाहिजे. दाब उतरला की गाळणे थांबले.

ठिबकच्या नळीवरून समजून घ्या

आपल्यापैकी ज्यांच्या उसाला ठिबक आहे, त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. ठिबकची लॅटरल डोळ्यांपुढे आणा. तिच्या डोक्याकडे व्हॉल्व्ह, अंगाला ड्रिपर, आणि शेवटच्या टोकाला बूच. नळी धुवायची असली की आपण शेवटचे बूच उघडतो. तेव्हा काय होते? पाणी टोकातून भसाभस वाहून जाते, नळीतला दाब उतरतो आणि ड्रिपरमधून थेंब पडेनासा होतो. बूच पुन्हा लावले की दाब चढतो आणि ठिबकणे सुरू होते. उलट, डोक्याकडचा व्हॉल्व्ह कोणी अर्धा बंद केला, तरीही ठिबकणे मंदावते. आणि विहिरीचे पाणीच खाली गेले, तर दोन्ही टोके नीट असूनही काम होत नाही.

मूत्रपिंडाच्या गाळणीची रचना अशीच आहे. रक्त आत आणणारी एक बारीक वाहिनी, ती डोक्याकडचा व्हॉल्व्ह समजा. रक्त बाहेर नेणारी दुसरी वाहिनी, ती शेवटचे बूच समजा. मधल्या गुंत्यातून जे पाझरते, ते ड्रिपरचे पाणी. आणि अंगातले एकंदर रक्त व पाणी म्हणजे विहीर.

फरक इतकाच की शेतातला व्हॉल्व्ह आपल्याला हाताने फिरवावा लागतो, आणि शरीर आपले व्हॉल्व्ह स्वतःच फिरवते. अंगातले पाणी कमी झाले, जुलाब झाले, उन्हात घाम गेला, की शरीर दोन गोष्टी करते. एक, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मूत्रपिंडातच तयार करून आत येणारी वाहिनी उघडी राखते. दोन, अँजिओटेन्सिन नावाच्या द्रव्याने बाहेर जाणारी वाहिनी आवळते. पुढचा व्हॉल्व्ह उघडा आणि मागचे बूच आवळलेले. त्यामुळे विहिरीत पाणी कमी असले तरी नळीत दाब टिकतो. दुष्काळात निभावून नेण्याची ही निसर्गाची तजवीज आहे.

आता गोळ्या या तजविजीत कुठे हात घालतात, ते पाहू.

पहिली गोळी : सांधेदुखीची

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाइड ही सगळी एकाच घराण्यातली औषधे. सूज आणि ठणका कमी करणे हे त्यांचे काम. ती हे काम कसे करतात, हे १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने ॲस्पिरिनवर प्रयोग करून दाखविले. ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. या कामाबद्दल १९८२ साली त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मेख अशी की, गुडघ्यात सूज आणणारे प्रोस्टाग्लँडिन आणि मूत्रपिंडात वाहिनी उघडी राखणारे प्रोस्टाग्लँडिन हे एकाच कुळातले. गोळीला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही. ती दोन्हीकडचे बंद करते. म्हणजे डोक्याकडचा व्हॉल्व्ह अर्धा बंद होतो.

धडधाकट माणसाने भरपूर पाणी पिऊन दोन दिवस गोळी घेतली, तर बहुधा काही बिघडत नाही. कारण विहीर भरलेली असली म्हणजे मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीची फारशी गरजच नसते. गरज पडते ती विहीर उतरल्यावर.

इटोरिकॉक्सिबसारख्या नव्या गोळ्या पोटाला सौम्य असतात, पण मूत्रपिंडाच्या बाबतीत त्या याच घराण्यातल्या समजाव्यात. आणि सुईचेही तसेच. “गोळी नाही घेतली, नुसती सुई मारून घेतली” असे आपण म्हणतो. पण औषध तेच असले तर वाट बदलल्याने गुण बदलत नाही.

दुसरी गोळी : लघवी होण्याची

पायाला सूज, हृदयाचा अशक्तपणा, रक्तदाब, यांसाठी डॉक्टर लघवी वाढविणारे औषध देतात. फ्युरोसेमाइड, टोरसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, स्पायरोनोलॅक्टोन ही त्यांतली नावे. अंगात साठलेले जादा मीठ व पाणी ती बाहेर काढतात. ज्याला गरज आहे त्याला ही औषधे जीवदान देणारी आहेत. त्यांच्याविषयी मनात अढी धरू नये.

पण त्यांचे काम विहिरीतले पाणी उपसण्याचे आहे. उपसा बेताचा असला तर ठीक. चैत्र-वैशाखाचे ऊन, त्यात दोन-चार जुलाब, खाणेपिणे कमी आणि गोळी मात्र रोजच्या रोज चालू, असे झाले की विहीर तळाला जाते. अशा वेळी मूत्रपिंड आपला दुष्काळी उपाय करते आणि प्रोस्टाग्लँडिन वाढवून पुढचा व्हॉल्व्ह उघडा ठेवते. नेमक्या त्याच वेळी आपण सांधेदुखीची गोळी घेतली तर? तो उपायच हाणून पाडला जातो. विहिरीत पाणी नाही आणि व्हॉल्व्हही बंद. गाळणीतला दाब कोसळतो.

दुसरी गंमत म्हणजे या दोन गोळ्या एकमेकींच्या विरुद्धही ओढतात. लघवीची गोळी मीठ-पाणी बाहेर काढते, तर सांधेदुखीची गोळी ते अंगात धरून ठेवते. त्यामुळे पायाची सूज उतरत नाही आणि रक्तदाब चढतो. माणसाला वाटते औषध लागू पडेना. मग तो गोळी वाढवून मागतो. खरे कारण मात्र खिशातल्या दुसऱ्या पाकिटात असते. स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळीबरोबर वेदनाशामक घेतले तर रक्तातले पोटॅशियम वाढण्याचा धोका वेगळाच, आणि ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते.

तिसरी गोळी : मागचे बूच उघडणारी

एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधे आज घरोघर आहेत. ती अँजिओटेन्सिनचे काम रोखतात, म्हणजे मागचे बूच सैल करतात. मधुमेहाच्या काही रुग्णांत यामुळे गाळणीवरचा अवाजवी दाब कमी होऊन मूत्रपिंडाचे उलट रक्षणच होते. पण हिशेब मांडून बघा : लघवीच्या गोळीने विहीर उतरली, सांधेदुखीच्या गोळीने पुढचा व्हॉल्व्ह आवळला, आणि या तिसऱ्या गोळीने मागचे बूच उघडले. आता नळीत दाब राहणार कसा?

आणि येथेच सभासदांनी विशेष लक्ष द्यावे. या तीन गोष्टींसाठी तीन गोळ्या लागतातच असे नाही. रक्तदाबाच्या एकाच गोळीत पुष्कळदा दोन औषधे असतात. पाकिटावर नावाच्या पुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे असली, तर त्यात बहुधा लघवीचे औषध मिसळलेले असते. म्हणजे “आम्ही बीपीची एकच गोळी घेतो” असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात दोन औषधे घेत असतो, आणि दुकानातून गुडघ्याची गोळी आणली की त्याच्या नकळत तिन्ही पुरी होतात.

ही केवळ आमची भीती नव्हे. २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या ब्रिटनमधील सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिन्ही प्रकारची औषधे एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंड अचानक बिघडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि पहिल्या ३० दिवसांत ते सर्वांत जास्त, म्हणजे ८२ टक्क्यांनी अधिक होते. केवळ दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांत त्या अभ्यासात एकंदरीने वाढ दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुळात असा बिघाड होणाऱ्यांची संख्याही तेथे थोडीच होती. पण तो देश थंड हवेचा. आपल्याकडे बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, आणि माणूस त्याच उन्हात काम करतो. तेथला हिशेब आपण इथे जसाच्या तसा लावून निर्धास्त राहू नये.

एक उदाहरण

समजा, आपले एक सभासद आहेत. वय साठीच्या पुढे. रक्तदाबाची गोळी पाच वर्षे चालू, तीत लघवीचे औषध मिसळलेले. रात्रीच्या लाईटवर दारे धरून गुडघे धरले आहेत. चौकातल्या दुकानातून “ठणक्याची गोळी द्या” म्हणून पाकीट आणले; सकाळ-संध्याकाळ सुरू केली. आराम पडला, म्हणून चालू ठेवली. आठवड्याने लग्नाच्या जेवणात पोट बिघडले, दिवसभर जुलाब. पाणी पिण्याची वासना नाही. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत म्हणून दोन्ही घेतल्या. दुसऱ्या दिवशी लघवी अगदी थोडी. तिसऱ्या दिवशी मळमळ, तोंडावर सूज, धाप. घरच्यांना वाटते अशक्तपणा आहे, सलाईन लावले की होईल बरे.

यात चूक कोणाची म्हणावी? रक्तदाबाची गोळी योग्य, ठणक्याची गोळीही खोटी नव्हे, जुलाब तर कोणालाही होतात. तिन्ही एका आठवड्यात गाठ पडली, एवढेच. असा माणूस वेळेवर दवाखान्यात गेला, वेदनाशामक थांबले, अंगातले पाणी भरून निघाले, तर मूत्रपिंड बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत सावरते. उशीर झाला तर गाळणीच्या पुढच्या नळ्यांतील पेशी रक्ताअभावी मरतात, आणि डायलिसिसची वेळ येऊ शकते. ज्या घरात डायलिसिस सुरू झाले आहे, त्या घराला विचारा. आठवड्याला दोन-तीन खेपा, बरोबर एक माणूस, शेतीचे काम मागे. शासकीय योजनेतून उपचाराचा खर्च सुटला तरी खेपा आणि मोडलेले दिवस सुटत नाहीत.

फडावरच्या माणसांचा विचार

ही गोष्ट केवळ सभासदांच्या घरापुरती नाही. आपला जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. हंगामात कोयता पहाटे फडात उतरतो, दुपारी उन्हातही मोळ्या बांधणे आणि गाडी भरणे चालूच राहते. अंग दुखले की मुकादमाकडून किंवा टपरीवरून गोळी; दिवस मोडला तर उचल फिटणार कशी? पाणी कमी, घाम भरपूर, वर वेदनाशामक. लघवीची गोळी न घेताच त्यांची विहीर घामाने उतरलेली असते. बाया तर आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांच्या ऊसपट्ट्यांत, ज्यांना ना मधुमेह ना रक्तदाब, अशा तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी झाली. निकाराग्वातील चिचिगाल्पा हे गाव त्यामुळे जगभर चर्चेत आले. नेमके एकच कारण अजून ठरलेले नाही. पण प्रखर उन्हातील कष्ट आणि पाण्याचा तुटवडा यांवर शास्त्रज्ञांचा मुख्य संशय आहे, आणि वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालत असाव्यात असे मानतात. तेथे पाणी, विश्रांती आणि सावली यांची नियमाने सोय केल्यावर हंगामातील मूत्रपिंडाची इजा कमी झाल्याचे दिसले. आपल्या फडात तोड आली की बांधावर पिण्याच्या पाण्याची टाकी, झाडाखाली किंवा ताडपत्रीखाली सावली, आणि बायांसाठी आडोसा, एवढे करणे सभासदाला जड नाही. तो ऊस आपला, आणि तोडणारा माणूसही आपल्याच जिल्ह्याचा.

गिधाडे कुठे गेली?

आपल्या लहानपणी मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरत असे. आज गिधाड दिसत नाही. २००४ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले की, जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ साली ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन या औषधांचाही जनावरांसाठी वापर बंद केला. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण गोठ्यातल्या जनावरासाठी ज्या औषधावर कायदा करावा लागला, तेच माणसाने बिनचिठ्ठीने किती दिवस खावे, याचा विचार करावा.

काय करावे?

१) रक्तदाब, हृदय, मधुमेह किंवा पायाची सूज यांसाठी औषध चालू असेल, तर सांधेदुखीची गोळी वा सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. “पांढरी गोळी, लहान” असे सांगण्यापेक्षा ते बरे.

२) जुलाब, उलट्या, कडक ताप किंवा खाणेपिणे बंद, अशा दिवसांत वेदनाशामक गोळी टाळावी. लघवीची व रक्तदाबाची गोळी त्या दिवसांत घ्यावी की थांबवावी, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मनाने कायमची बंद करू नये. त्यातही धोका आहे.

३) साध्या अंगदुखीला व तापाला पॅरासिटामॉल मूत्रपिंडाच्या दृष्टीने बरे, मात्र ठरलेल्या मात्रेतच, आणि दारू पिणाऱ्याने यकृताची काळजी धरून. पाकीट उलटून पाहावे. पॅरासिटामॉलबरोबर ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेल्या गोळ्या पुष्कळ आहेत.

४) गुडघ्याला शेक, पट्टा, वजन उतरविणे, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वरून लावायचे मलम यांचा आधी विचार करावा. मलमातून औषध रक्तात थोडेच जाते.

५) हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची लहान गोळी हा लेख वाचून बंद करू नये.

६) “जडीबुटीची” म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावे. अशा पुड्यांत वेदनाशामक व स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. जादूसारखा आराम पडला, तर संशय घ्यावा.

७) वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीची तपासणी करावी. वरील औषधे नव्याने सुरू झाली असतील तर डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर पुन्हा करावी. मूत्रपिंडाचे बरेचसे काम घटेपर्यंत क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. म्हणून थोडी वाढही दुर्लक्षू नये.

८) लघवी एकाएकी कमी होणे, चेहऱ्यावर-पायांवर सूज, मळमळ, धाप, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. आपल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ते याच भागातल्या माणसांसाठी आहे, त्याचा लाभ घ्यावा.

हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. डॉक्टरांना काय विचारायचे हे कळावे एवढ्यासाठी आहे. आमची विनंती एकच. आज घरी गेल्यावर आई-वडिलांच्या उशाशी असलेल्या गोळ्यांची पिशवी एकदा जमिनीवर ओतून पाहा. ज्यांना नावे वाचता येत नाहीत, त्यांना शाळेत जाणाऱ्या नातवाने वाचून दाखवावीत. उसाचे पाणी चुकले तर पुढच्या पाळीला भरून काढता येते. मूत्रपिंडाचे पाणी चुकले, तर पुढची पाळी मिळेलच असे नाही.

जय सहकार!